उल्का टिपणारा कॅमेरा आणि त्याची निगा

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



 आम्ही शास्त्रज्ञ नाही. नोकरीधंदा सांभाळून आकाश पाहणारी चार माणसे आहोत. एका घराच्या गच्चीवर आम्ही कॅमेरा बसविला आहे. माशाच्या डोळ्यासारख्या भिंगातून तो रात्रभर सारे आकाश टिपतो.

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. संध्याकाळी विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग पाहिली. आमच्या गल्लीत कोणी उल्कापात म्हणाले, कोणी विमान पडले म्हणाले, तर कोणी अपशकुन म्हणून हात जोडले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे सापडले. तो सारा प्रकार म्हणजे चिनी अग्निबाणाचे अवशेष होते, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला.

आम्ही धावत गच्चीवर गेलो. चित्रण झाले होते. पण घुमटावर फाल्गुनातील धूळ आणि पक्ष्यांची घाण साचल्याने चित्रात एकही तारा दिसत नव्हता. त्यातच इंटरनेट आठवडाभर बंद, म्हणून घड्याळही चुकलेले. चित्र मिळाले, पण मोजमाप गेले. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

तारे आणि वेळ यांना एवढे महत्त्व का? ताऱ्यांची जागा ठाऊक असते, म्हणून त्यांच्यावरून उल्केची दिशा ठरते. दूरच्या दुसऱ्या ठिकाणाहूनही तीच उल्का टिपली गेली, तर दोन दिशांवरून तिची उंची आणि मार्ग निघतो. वेळेवरून वेग कळतो. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. पृथ्वीभोवती फिरून खाली येणारा अग्निबाणाचा तुकडा ८ किलोमीटरहून कमी. त्या रात्री एवढा एक आकडा जरी आमच्या हाती असता, तरी गल्लीतल्या अफवेला उत्तर देता आले असते.

७ एप्रिल १९५९ रोजी त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात प्रिब्राम येथे उल्कापाषाण पडला. दोन ठिकाणच्या छायाचित्रांवरून त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढता आली. जमिनीवर सापडलेल्या पाषाणाबाबत हे प्रथमच घडले. २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री इंग्लंडमध्ये विंचकम्ब येथे उल्का पडली. अनेक कॅमेऱ्यांनी ती टिपली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी एका घरापुढच्या वाटेवर तिचे तुकडे मिळाले. ज्यांनी त्या कॅमेऱ्यांच्या काचा वेळेवर पुसल्या, त्यांचाही त्या शोधात वाटा आहे.

आता आमचा नेम सांगतो. दर रविवारी घुमट आधी पाण्याने धुतो, मग मऊ कापडाने टिपतो. कोरडे फडके घासले तर ओरखडे पडतात, आणि स्पिरिटने ॲक्रिलिकला तडे जातात. आत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे ठेवतो आणि ते दर महिन्याला तपासतो. दवासाठी आत लहानसा तापक आहे. रोज संध्याकाळी घड्याळ आणि साठवणीची जागा पाहतो. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आहे. उंदराने तार कुरतडली नाही ना, हेही पाहावे लागते. घुमट पिवळट पडला की बदलतो. हे सर्व वहीत तारीख घालून लिहितो. काम केले नसेल, तर तसेही लिहितो.

मित्रहो, मोठी उल्का कोणत्या रात्री येईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक रात्र तीच आहे असे समजून तयारी ठेवावी लागते. आमचा कॅमेरा एकटा आहे. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या एखाद्या शाळेने गच्चीचा कोपरा दिला आणि रविवारी फडके हाती घेणारी दोन मुले मिळाली, तर त्याला सोबती मिळेल. ते काम शिकवायला आम्ही स्वखर्चाने येऊ.