बिऱ्हाड पाहावे आतून

बदलीचा हुकूम हाती पडला की गुरुजींना पहिली काळजी बिऱ्हाडाची. 1994 च्या मे महिन्यात मी सांगोल्याहून आजऱ्याला आलो, तो याच घाईत. घराला कुलूप, किल्ली परगावी. बाहेरून जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे ऐसपैस पडवी. भुललो, आणि शेजाऱ्याजवळच दोन महिन्यांच्या भाड्याचा विसार ठेवून परतलो.

सांगोल्याच्या माणसाला पाऊस तो काय ठाऊक! पश्चिमेला आंबोली, जिथे हिरण्यकेशी उगम पावते, तिकडूनच झड येते. जूनअखेर भिंत कमरेपर्यंत ओली आणि ट्रंकेतल्या पुस्तकांना बुरशी. घरमालकांच्या आईंकडे गाऱ्हाणे नेले, तर त्या म्हणाल्या, "गुरुजी, आत जाऊन बघितलं असतं तर दिसलं असतं की. भितीवर डाग हाईतच."

त्यांचे बोलणे कायद्याला धरूनच होते! मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा, कलम 108. घरातला मोठा दोष मालकाला ठाऊक असेल आणि भाडेकरूला साधारण काळजी घेऊनही कळणारा नसेल, तर तो मालकाने सांगितलाच पाहिजे. पण डोळ्यांना दिसणारा डाग? तो तुम्ही पाहायचा.

तरी दुरून खोली धरायची वेळ येतेच. मग पत्रात एवढे लिहा : 'खोली आतून पाहून पसंत पडली तरच भाडे पक्के, नाहीतर विसार परत.' मालकाच्या उत्तरातही हीच अट येऊ द्या. नुसते विचारणे धाडले असेल, तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे ते मागे घेता येते. मात्र त्यांनी होकाराचे पत्र टपालात टाकण्यापूर्वी तुमची माघार त्यांना कळली पाहिजे.

किल्ली मिळाली की पश्चिमेची भिंत हाताने चाचपा. चुना फक्त खालच्या हातभर भागालाच नवा असेल, तर का ते विचारा. वाशांवर काळे ओघळ आहेत का, वळचणीचे पाणी कुठे जाते, तेही पाहा. शेजारच्या काकूंना आषाढातली हकिकत विचारा. मालकापेक्षा त्या मोकळेपणी सांगतील. हल्ली फोनवर खोलीचे फोटो येतात म्हणे. येऊ देत, पण फोटोला कुबट वास येत नाही.

माझे म्हणाल, तर दिवाळीपर्यंत तिथेच काढले. ट्रंक विटांवर चढवली, पुस्तके उन्हात घातली. इतिहासाची दोन पुस्तके मात्र कायमची चिकटली ती चिकटलीच.