एकच धडा, निरनिराळीं पाउलें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं उभ्या राहिलेल्या इमारती व जमलेला निधी यांचा हिशेब देण्याची रीत आहे. तें काम कार्यवाह ह्या स्मरणिकेंत अन्यत्र करीत आहेत. आम्हांस आज वर्गाच्या चार भिंतींच्या आंत काय घडतें, ह्याविषयीं बोलावयाचें आहे. एका बाकावर बसणारीं दोन मुलेंही एकसारखीं नसतात. मग सबंध वर्गाला शिकवावें तरी कसें?

आरंभ आमच्या एका चुकीपासून करितों. कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांचा वर्ग आमच्याकडे होता. प्रश्नोत्तरें तोंडपाठ येणें हीच आमची कसोटी होती. नऊ वर्षांच्या एका मुलीस एकही उत्तर शेवटपर्यंत म्हणतां येईना. आम्हीं तिला वर्षभर थांबविलें. घरीं पांढरा झगा शिवून तयार होता. सोहळ्याच्या दिवशीं तिच्या मैत्रिणी वेदीकडे चालत गेल्या व ती शेवटच्या बाकावर आजीजवळ बसून राहिली.

त्या आठवड्यांत आजी आमच्याकडे आली. रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "फादर, पोरीला उत्तर येत नाहीं, पण अर्थ येतो. आमच्या बोलींत विचारून पाहा." आम्हीं विचारलें. मुलगी आपल्या सामवेदी बोलींत अडखळत म्हणाली कीं, घरची भाकर पोट भरते. वेदीवरची भाकर म्हणजे येशू स्वतः. आणि तिच्याकडे जाण्याआधीं भावाशीं झालेलें भांडण मिटवावें लागतें.

पोप दहावे पायस यांच्या काळीं, ८ ऑगस्ट १९१० रोजीं, ह्याच विषयावर रोमहून आज्ञापत्र निघालें होतें. साधी भाकर व ख्रिस्तशरीर यांतील भेद मुलास कळावा, श्रद्धेचीं मुख्य तत्त्वें त्याच्या शक्तीप्रमाणें ठाऊक असावीं. संपूर्ण ज्ञानाची अट नाहीं, असा त्याचा आशय. हें आम्ही सेमिनरींत शिकलों होतों व परीक्षेंत लिहिलेंही होतें. म्हणजे उत्तर आम्हांस येत होतें. अर्थ त्या मुलीस येत होता.

तेव्हांपासून आम्ही ह्या प्रश्नाचा अभ्यास करूं लागलों. ज्याची जशी तयारी त्याला तसें शिकविण्याच्या ह्या पद्धतीस आजचे शिक्षणशास्त्रज्ञ विभेदित अध्यापन म्हणतात. नांव नवें असलें तरी विचार नवा नाहीं. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या एका उपधर्मगुरूनें संत ऑगस्टीन यांना विचारलें कीं, नवख्यांना धर्म शिकवितांना आपलें बोलणें नीरस होतें, काय करावें? उत्तरादाखल ऑगस्टीन यांनीं एक सबंध ग्रंथ लिहिला. सुशिक्षितास वेगळें बोला, अशिक्षितास वेगळें बोला. ऐकणाऱ्यास समजलें कीं नाहीं हें विचारून पाहा. आणि तो उभा राहून थकला असेल तर त्याला बसावयास आसन द्या, असा सल्ला त्यांत आहे. पुढें इ. स. ५९० च्या सुमारास पोप थोर ग्रेगरी यांनीं गरीब व श्रीमंत, आनंदी व दुःखी अशा श्रोत्यांच्या जोड्या लावून प्रत्येकास कसा उपदेश करावा हें सांगितलें. वाजविण्याची नखी एकच, पण वाद्याच्या तारांवरील आघात निरनिराळे, असा त्यांचा दृष्टान्त आहे.

आपल्या काळीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कॅरोल ॲन टॉमलिन्सन यांनीं ह्या विचारास शास्त्रीय मांडणी दिली. अनेक वर्षें शाळेंत शिकवून मग त्या विद्यापीठांत गेल्या. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९९९ सालचा. त्यांच्या मतें शिक्षकास चार गोष्टी बदलतां येतात: शिकवावयाचा मजकूर, शिकण्याची रीत, शिकल्याचा पुरावा देण्याचा प्रकार आणि वर्गाचें वातावरण. त्या बदलावयाच्या त्या मुलाची तयारी, आवड व शिकण्याची धाटणी पाहून. ध्येय मात्र सर्वांसाठीं एकच राहतें. आमची चूक तिसऱ्या गोष्टींत होती. ज्ञान मुलीपाशीं होतें, पण तें दाखविण्याचें एकच दार आम्हीं उघडें ठेविलें होतें.

आतां एक उदाहरण घेऊं. पांचव्या इयत्तेंत एक-द्वितीयांश व एक-चतुर्थांश यांची बेरीज शिकवावयाची आहे. आदल्या दिवशीं शिक्षकानें मुलांना कागदाच्या चिठोऱ्यावर दोनच प्रश्न सोडवावयास द्यावे. चिठोरे पाहतांच वर्ग तीन भागांत दिसूं लागेल. कांहीं मुलांना चार हा आंकडा दोनाहून मोठा, म्हणून पाव हा अर्ध्याहून मोठा वाटतो. त्यांच्या हातीं कागदाच्या पट्ट्या द्याव्या व घड्या घालावयास सांगावें. कांहीं मुलांना लहानमोठें कळतें, पण तीं अंशांत अंश व छेदांत छेद मिळवून दोन-षष्ठांश असें उत्तर काढतात. त्यांना तेवढी पट्टी अर्ध्या पट्टीशेजारीं ठेवावयास सांगावें. अर्ध्यांत भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलें, हें डोळ्यांनीं दिसलें कीं चूक सांगावी लागत नाहीं. ज्यांना बेरीज येते, त्यांनीं छेद समान कां करावा लागतो हें आपल्या शब्दांत लिहावें. धडा एकच, पाउलें मात्र तीन.

ह्याबाबत तीन गैरसमज आढळतात. पहिला असा कीं, साठ मुलांसाठीं साठ धडे तयार करावे लागतील. तसें नाहीं; दोन-तीन वाटा पुष्कळ होतात, व त्याही रोज लागत नाहींत. दुसरा असा कीं, हुशार व मठ्ठ अशा तुकड्या पाडावयाच्या. हे गट त्या धड्यापुरते असतात. अपूर्णांकांत मागें असलेला मुलगा भूगोलांत पुढें असूं शकतो. कायमचा गट म्हणजे कायमचा शिक्काच होय. तिसरा असा कीं, कोणी डोळ्यांनीं शिकतो व कोणी कानांनीं, म्हणून मुलांची तशी वांटणी करावी. २००८ सालीं हॅरल्ड पॅशलर आदि मानसशास्त्रज्ञांनीं ह्या समजुतीची छाननी केली, तेव्हां तिला पुरेसा आधार सांपडला नाहीं. मूल काय जाणतें हें पाहावें. त्याच्या कपाळीं एखादी जात लिहूं नये.

आपल्या मुंबईंतच ह्याचें मोठें उदाहरण आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथील झोपडवस्त्यांतून 'प्रथम' ही संस्था उभी राहिली. तिच्या पद्धतींत प्रत्येक मुलास एकटें बसवून अक्षर, शब्द, उतारा व गोष्ट यांपैकीं काय वाचतां येतें तें पाहतात आणि दिवसांतील कांहीं वेळ इयत्ता बाजूस ठेवून त्या पायरीप्रमाणें शिकवितात. २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनीं ह्या कार्याचा प्रत्यक्ष प्रयोगांनीं अभ्यास केला आहे.

पालकहो, तुम्ही विचाराल कीं, शेजारच्या मुलास निराळें काम व आमच्या मुलास निराळें, हा न्याय कसा? एका घरांत तापानें निजलेल्यास पेज देतात व शेतावरून आलेल्यास भाकर देतात. त्यास कोणी पक्षपात म्हणत नाहीं. अन्याय होतो तो पेज घेणाऱ्यास जन्मभर पेजेवरच ठेविल्यास. म्हणून घरीं गुणांची तुलना करूं नका. काल न येणारें आज काय आलें, एवढें विचारा.

शिक्षकांनो, तुमच्यावरील भार आम्ही जाणतों. भरलेला वर्ग, कागदपत्रांचें ओझें, वर परीक्षेची घाई. म्हणून आमची मागणी लहान आहे. आठवड्यांतून एका धड्याआधीं तो दोन प्रश्नांचा चिठोरा द्या, आणि जें मूल गप्प बसतें त्यास एकदां त्याच्या घरच्या बोलींत विचारा.

त्या मुलीस आम्हीं पुढच्याच रविवारीं ख्रिस्तशरीर दिलें. तिनें तोच पांढरा झगा घातला होता, पण ती एकटी होती. ना मिरवणूक, ना मैत्रिणी. त्या वर्षीच्या सामुदायिक छायाचित्रांत ती नाहीं. तें छायाचित्र आम्हीं मेजावर ठेविलें आहे, आणि वर्गावर जाण्यापूर्वीं तिची रिकामी जागा पाहतों. आपल्या शाळेच्या पुढील पन्नास वर्षांच्या छायाचित्रांत अशी एकही जागा रिकामी न राहो, हीच परमेश्वरचरणीं प्रार्थना.