गावाचे सांडपाणी आणि नदी



श्रीगोंदा ज्या सरस्वतीच्या काठी वसले आहे, ती काही मोठी नदी नव्हे. आपला मुलूख अवर्षणाचा; पावसाळा सरला की तिची धार बारीक होते. पण ती पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात शिरते आणि तिथून खाली पंढरपूरला जाते. म्हणजे आपल्या मोरीतल्या पाण्याची वाट बरीच लांबची आहे.

वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, असं जुनी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे. पाण्यातले सूक्ष्म जंतू घाण खाऊन टाकतात; पण त्यासाठी त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. आता थोडा हिशेब करू. एक लिटर स्वच्छ पाण्यात प्राणवायू असतो सुमारे ८ मिलिग्रॅम. एक लिटर गटाराचं पाणी पचवायला लागतो साधारण २५० मिलिग्रॅम. म्हणजे गटाराच्या एका घागरीमागे नदीच्या तीस घागरी झाल्या! हवेतून प्राणवायू मिळतो खरा, पण हळूहळू. उन्हाळ्यात हा हिशेब जुळायचा कसा? मग मासे मरतात, पाण्याला वास सुटतो आणि कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू खालच्या गावाला पोचतात.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्र नदीचंच काम आधी उरकून देतं. पहिल्यांदा जाळीवर चिंध्या, कचरा अडतो. मग वाळू व जड गाळ खाली बसतो. पुढच्या हौदात यंत्राने हवा फुंकतात. भरपूर प्राणवायू मिळाल्याने जंतू काही तासांतच घाण फस्त करतात. ही रीत १९१४ साली इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरी सिद्ध झाली. शेवटी जंतूंचा गाळ खाली बसवतात, वरच्या पाण्यात क्लोरीन घालतात आणि मग ते सोडतात. असं पाणी झाडांना, बागेला वापरता येतं.

पण मंडळी, केंद्र कितीही चांगलं असलं तरी घाण तिथवर पोचली पाहिजे ना! लहान गावांत बहुतेक घरांना सेप्टिक टाकी असते. टाकी गाळाने भरली की मैला पाण्याबरोबर गटारात उतरतो आणि गटार ओढ्याला मिळतं. यावर कृष्णाकाठच्या वाईने केलेला उपाय पाहण्याजोगा आहे. वाई आपल्यासारखंच तालुक्याचं गाव. तिथे २०१८ साली घराघरांतली टाकी ठरलेल्या पाळीने, तीन वर्षांतून एकदा, उपसायची व्यवस्था नगरपालिकेने सुरू केली. टाकी तुंबून तक्रार येण्याची वाट पाहायची नाही! उपसलेला मैला टँकरने केंद्रावर जातो. ते केंद्र रोज ७० हजार लिटर मैला घेण्याच्या क्षमतेचं बांधलं गेलं.

तेव्हा घरमालकांनो, दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्या, आणि यंत्रानेच. माणसाला टाकीत उतरवू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो. २०१३ च्या कायद्यानेही ते निषिद्ध आहे. टाकीतून बाहेर पडणारं पाणी उघड्या गटारात न सोडता विहिरीपासून दूर शोषखड्ड्यात जिरवा. आणि टँकर आपला मैला कुठे रिता करतो, हे विचारायला संकोचू नका. तो ओढ्यात ओतला, तर सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून समजा.

गुरुजींना एक सुचवतो. काचेच्या बरणीत गढूळ पाणी भरून वर्गात ठेवा. दुसऱ्या दिवशी ते निवळलेलं दिसेल. मुलांना विचारा, आता हे प्यायचं का? निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, एवढं मुलांनी ओळखलं की घरी जाऊन तीच मोठ्यांना विचारतील, "आपली टाकी शेवटची कधी उपसली?"

त्या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर असू द्या. आपल्याला वरच्या गावाकडून जसं पाणी हवं, तसंच आपण खालच्या गावाला द्यावं.