पेटंट : बुद्धीच्या श्रमाचा हक्क
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्यापैकी अनेक जण अमेरिकेतील प्रयोगशाळांत, कारखान्यांत व संगणक कंपन्यांत काम करीत आहेत. आपल्या पूर्वजांनी चामडे कमावले, दोर वळले. परंतु त्या कौशल्यावरील त्यांचा हक्क समाजाने कधी मानला नाही. म्हणूनच पेटंट, अर्थात एकस्व, हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

मिसिसिपीतील नेड नावाच्या गुलामाने कापसाच्या शेतीचे एक अवजार तयार केले. मालकाने त्याचे पेटंट मागितले. १८५८ साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी मत दिले की, गुलामाने लावलेल्या शोधाचे पेटंट गुलामालाही मिळणार नाही आणि त्याच्या मालकालाही नाही. ज्याला नागरिकत्व नाही, त्याच्या बुद्धीलाही कायद्यात स्थान नव्हते.

पुढे गुलामगिरी संपली. सुरिनाममध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय कामगार जान मॅट्झेलिगर मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावी बुटांच्या कारखान्यात लागला. साच्यावर बुटाचे वरचे चामडे ताणून तळाला जोडण्याचे काम तेव्हा हातानेच होत असे; कुशल कारागीर दिवसाला सुमारे ५० जोड करी. मॅट्झेलिगरने वर्षानुवर्षे रात्री खपून त्यासाठी यंत्र बनविले. २० मार्च १८८३ रोजी त्याला पेटंट मिळाले. सुधारलेले यंत्र दिवसाला शेकडो जोड करू लागले आणि बूट स्वस्त झाले.

मात्र त्याच्याजवळ भांडवल नव्हते. दोन गुंतवणूकदारांनी पैसा पुरविला व मोबदल्यात दोन-तृतीयांश वाटा घेतला. १८८९ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, तो क्षयाने वारला. त्याच्या यंत्रावर इतरांनी मोठे उद्योग उभारले. पेटंटमुळेच एका निर्धन कामगाराशी धनिकांना करार करावा लागला, हे खरे. पण वाटा किती, हे करारानेच ठरले, हेही तितकेच खरे.

आज अमेरिकेत शोधाच्या पेटंटची मुदत साधारणतः अर्जापासून २० वर्षे असते. त्या काळात इतरांना तो शोध वापरण्यास मनाई करता येते. त्या बदल्यात शोधकाला आपले ज्ञान जगापुढे मांडावे लागते. छोट्या उद्योगाला याच हक्काच्या आधारे भांडवल उभारता येते किंवा परवाना देऊन उत्पन्न मिळविता येते.

तेव्हा आमची तरुणांना कळकळीची विनंती आहे. नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी शोधांचे हक्क कोणाकडे जातात, ते वाचा. शोध जाहीर करण्याआधी अर्ज करा, कारण अनेक देशांत आधी उघड झालेल्या शोधाला पेटंट नाकारले जाते. २०१३ पासून अमेरिकेतही प्रथम अर्ज करणाऱ्या शोधकालाच प्राधान्य आहे. सुरुवातीला तात्पुरता अर्ज करून पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळविता येतात.

आपल्या बुद्धीवर आपलेच नाव असावे, एवढी जागरूकता आपण बाळगूया.

जय भीम! जय भारत!