खचणारा तळ आणि चढणारा समुद्र



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा भूगोल नकाशाच्या कडेला संपत नसे. त्यांच्या स्मरणार्थ बोलताना आपणही त्या कडेच्या पलीकडे जाऊ.

बारडोलीचे नाव १९२८ पासून देशाच्या ओठी आहे ते शेतसाऱ्याविरुद्धच्या लढ्यामुळे. त्या लढ्यामागची काळी जमीन दख्खनच्या लाव्हारसाची लेक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा पाषाण पश्चिमेकडे खचत जातो, आणि सुरतेपुढील समुद्रात तो काही किलोमीटर खोल गेला आहे. भूशास्त्रज्ञ या खळग्यास 'सुरत द्रोणी' म्हणतात.

तळ खचला की समुद्र आत येतो. आपल्याच जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या भूचर सस्तन प्राण्यांचे अवशेष सापडले, आणि त्याच थरांच्या सान्निध्यात न्युम्युलाइट नावाच्या, नाण्याच्या आकाराच्या सागरी जीवांची कवचेही मिळाली. दलदल आणि समुद्र, दोघेही येथे आळीपाळीने नांदले.

उथळ, उबदार आणि निर्मळ पाण्यात असे जीव कवचांचा चुना साठवीत जातात व चुनखडकाचा विस्तीर्ण मंच उभा राहतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये तेल लागले ते 'मुंबई हाय', म्हणजे असाच एक मंच. त्याचा प्रमुख तेलधारी चुनखडक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात बनला. आज तो सुमारे १,३०० मीटर खोल आहे. समुद्राची पातळी एवढी चढत नाही; तिचे हेलकावे शेकडा मीटरच्या घरातले. तेव्हा उरलेली खोली तळाने खचून दिली, हे उघड आहे. हिशेब केला तर हजार वर्षांना सरासरी सहा-सात सेंटिमीटर!

मग समुद्रपातळीचे काम कोणते? तिने मंचाचे थर पाडले. पाणी ओसरले की चुनखडक उघडा पडे, पावसाचे पाणी त्यात मुरे आणि चुना विरघळून पोकळ्या होत. पाणी परतले की नवा थर, मध्ये चिखलाचा पातळ पडदा. त्या पोकळ्यांतच पुढे तेल साठले. समुद्र मागे हटला नसता तर ही विहीर बहुधा कोरडी निघती, असे मला वाटते.

आता एक कूट प्रश्न. निरोगी प्रवाळभित्ती हजार वर्षांत काही मीटर वाढू शकते. सेंटिमीटरने खचणाऱ्या तळास ती सहज पुरून उरावी. तरीही मुंबई हायवरील चुन्याची वाढ थांबली आणि त्यावर शेलचे थर बसले. केवळ खचण्यावर हा आळ घालणे मला पटत नाही. गढूळ पाणी चुना साठविणाऱ्या जीवांचा श्वास कोंडते. जवळची सुरत द्रोणी तर पूर्वीपासून मोठ्या नद्यांच्या गाळाने भरत आली. म्हणूनच तिच्यात चुनखडकापेक्षा शेल व वाळूचे थर अधिक. एकाच समुद्रात दोन शेजारी, पण एकाच्या वाट्यास चुना, दुसऱ्याच्या वाट्यास चिखल!

समुद्र स्वतःच वेगाने चढला तर काय होते, याचे उदाहरणही आपल्याच किनाऱ्यापुढे आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात सागरपातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती आणि आपला किनारा कितीतरी पश्चिमेस होता. त्या उथळ कडेवर चुन्याचा मंच वाढला. बर्फ वितळू लागले, पाणी हजार वर्षांत सरासरी दहा मीटर या गतीने चढले आणि मंच बुडाला. दर्यावर्दी त्यास 'फिफ्टी फॅदम फ्लॅट', म्हणजे पन्नास वाव खोलीचे पठार, म्हणतात. आज तो ६० ते १०० मीटर पाण्याखाली आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचे नमुने तपासले आहेत.

१९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाल्यापासून तापीचा पुष्कळसा गाळ तेथेच अडतो. तथापि खंबायतच्या आखातात भरती-ओहोटी तळाचा चिखल सदैव ढवळीत असते. तेथे चुन्याचा मंच नजीकच्या काळात तरी उभा राहावयाचा नाही. ज्या विद्यार्थ्यांना जिवंत प्रवाळ पाहावयाचे असतील, त्यांनी परवानगी काढून कच्छच्या आखातातील पिरोटन बेटावर जावे, आणि ओहोटीची वेळ अगोदर विचारून घ्यावी.