दूरच्या प्रवासाला टिकाऊ टायर कोणता?



बैलगाडीच्या लांकडी चाकावर जो लोखंडी पट्टा चढवितात त्याला आपल्या भाषेंत 'धांव' म्हणतात. सुताराचें चाक कितीहि उत्तम असो, धांव ढिली झाली कीं गाडी वाटेंतच खोळंबे. मोटार-सायकलीची धांव म्हणजे तिचा रबरी टायर. दूरच्या व बिकट प्रवासाला निघणाऱ्या मोटार-सायकलीसाठीं पुष्कळ दिवस टिकणारा टायर कसा निवडावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय कारागिरांचा, त्याचा गृहस्थाच्या घराशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु आज पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांतून मुलगा किंवा मुलगी, जांवई किंवा सून, स्वतःच्या मोटार-सायकलीवर लडाखला अथवा स्पितीला जाण्याचे बेत करीत असतात. घरचीं वडील माणसें लोकरी कपड्यांची चौकशी करतात, औषधांची करतात, हेल्मेटाची करतात. टायराची सहसा कोणी करीत नाहीं. आणि जो करतो त्याचा प्रश्न एवढाच असतो कीं, 'हा किती हजार किलोमीटर चालेल?' हा प्रश्न चुकीचा नाहीं; पण तो अर्धाच आहे, असें मला आज सांगावयाचें आहे.

या जातीचें वाहन फार जुनें नाहीं. पॅरिसहून निघून सहारा ओलांडून डाकारला पोंचण्याची पहिली शर्यत १९७९ सालीं पुरी झाली. १९८० सालीं जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें 'आर ८० जी/एस' ही मोटार-सायकल बाजारांत आणली आणि १९८१ सालीं ह्यूबेर ओरिओल हा फ्रेंच स्वार त्याच कंपनीच्या मोटार-सायकलीवरून ती शर्यत जिंकला. 'जी' आणि 'एस' हीं अक्षरें दोन जर्मन शब्दांचीं आहेत. एकाचा अर्थ रानमाळ, दुसऱ्याचा सडक. आपल्याकडे २०१६ सालीं रॉयल एन्फील्डची 'हिमालयन' निघाली व २०२३ सालीं तिची साडेचारशें सी.सी.ची आवृत्ति आली. तिचें पुढचें चाक एकवीस इंची व मागचें सतरा इंची आहे. ही गाडी दोन्ही वाटांनीं जाते हें खरें. परंतु तिच्या टायराला मात्र कोणत्या तरी एका वाटेकडे अधिक झुकावेंच लागतें.

म्हणून पहिला हिशेब वाटेचा करावा. पुण्याहून मनाली सुमारें दोन हजार किलोमीटर, आणि तेथून अटल बोगद्यांतून लेह सुमारें सव्वाचारशें. जाऊन-येऊन पांच हजार किलोमीटरांच्या आंतबाहेर प्रवास झाला. यांत बारालाच्याच्या आसपासचे उन्हानें फुगणारे नाले आहेत, सैल खडी आहे, चिखल आहे. पण हे सारे कच्चे टप्पे एकत्र केले तरी ते शेंकड्यांत मोजावे लागतील, हजारांत नव्हे. बाकीची सर्व वाट डांबराची किंवा काँक्रीटची. असें असतां कित्येक तरुण चित्रें पाहून मोठमोठ्या गुठळ्यांच्या नक्षीचे टायर चढवितात. काँटिनेंटलचा 'टी. के. सी. ८०' हा त्या जातीचा प्रसिद्ध टायर. चिखलांत त्याची बरोबरी सडकेचा टायर करूं शकत नाहीं. परंतु डांबरावर त्या गुठळ्या वळवळतात, तापतात आणि लवकर झिजतात. उलट मेटझेलरचा 'टूरान्स' किंवा पिरेलीचा 'स्कॉर्पियन ट्रेल' या घराण्यांतील टायरांची नक्षी भरीव असून मधून पाणी वाहून नेण्यापुरते चर असतात. अशांना सडक मानवते. ज्याच्या प्रवासाचे शंभरांतले नव्वद किलोमीटर पक्क्या रस्त्याचे आहेत त्यानें या दुसऱ्या जातीचाच टायर घ्यावा, आणि उरलेले दहा किलोमीटर वेग आवरून काढावे. आपल्या गाडीच्या मापांत कोणता मिळतो हें मात्र आधीं पाहावें.

आतां टिकाऊपणाकडे वळूं. झाडाच्या चिकापासून निघणारें रबर फिकट रंगाचें असतें; टायर काळा होतो तो त्यांत घातलेल्या काजळीमुळें, आणि तीच काजळी त्याला झिजेविरुद्ध बळ देते. रबर जितकें कठीण करावें तितकें तें अधिक दिवस टिकतें. पण पकड येते ती रबर रस्त्याच्या बारीक खांचाखोंचांत दबून बसण्यानें, आणि कठीण रबर दबण्यास नाखूष असतें. म्हणून दीर्घायुष्य आणि पकड यांचा स्वभावतःच थोडा विरोध आहे. कारखानदारांनीं त्यावर दोन उपाय काढले. एक, रबरांत सिलिका मिसळणें, ज्यायोगें ओल्या रस्त्यावरील पकड सुधारते. दुसरा, मधल्या पट्ट्याला कठीण रबर व दोन्ही कडांना मऊ रबर वापरणें. कारण सरळ वाटेवर मधला पट्टा झिजतो आणि घाटाच्या वळणावर गाडी कडेवर तोललेली असते. टिकाऊ टायर हवा असेल तर अशा दुहेरी रबराचा मागावा. केवळ कठीण रबराचा स्वस्त टायर पुष्कळ चालेल खरा, पण आषाढांतल्या वरंध घाटांत तो कसा वागेल याचा विचार करावा.

मी आयुष्यभर मुलांना त्रैराशिकें घातलीं. एक आपणांसहि घालतों. गाडीचें वजन १९६ किलो, स्वार ७५ किलो आणि सामान २९ किलो धरलें तर एकूण ३०० किलो झाले. टायरांत ३२ पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें सव्वादोन किलोंचा दाब. तीनशेंला सव्वादोनांनीं भागा. उत्तर १३३ चौरस सेंटिमीटर येतें. दोन्ही चाकें मिळून ढोबळ मानानें एवढीच जागा रस्त्याला टेकलेली असते. दर चाकामागें ६६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटें सोडून आपला एक तळहात! आपलें मूल व त्याच्या मागें बसलेलें माणूस तेवढ्या दोन तळहातांवर घाट उतरत असतें. टायराची किंमत करतांना हें उत्तर डोळ्यांपुढें ठेवावें.

दुसरें त्रैराशिक पैशाचें. समजा, सहा हजार रुपयांचा एक टायर पंधरा हजार किलोमीटर चालला आणि त्याच किंमतीचा, अधिक पकड देणारा दुसरा दहा हजार किलोमीटर चालला. पहिल्याचा खर्च किलोमीटरला ४० पैसे, दुसऱ्याचा ६० पैसे. दहा हजार किलोमीटरांच्या प्रवासांत फरक पडला दोन हजार रुपयांचा. लिटरला तीस किलोमीटर व शंभर रुपये धरले तर तेवढ्याच प्रवासाला पेट्रोल लागतें तेहतीस हजारांहून अधिक रुपयांचें. जो गृहस्थ तेहतीस हजार निमूटपणें देतो त्यानें पावसांतल्या पकडीसाठीं दोन हजारांची घासाघीस करूं नये.

याचा अर्थ टिकाऊपणा गौण मानावा असा नाहीं. पण टायराचें आयुष्य दुकानांत ठरतें त्याहून अधिक तें आपल्या हातांत ठरतें. हवा कमी असली कीं टायराच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला वांकतात, त्यांत उष्णता उत्पन्न होते आणि रबर झपाट्यानें झिजतें. मागें माणूस व सामान घेतल्यावर मागच्या चाकांत हवा वाढवावी लागते. किती, तें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. हवा सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं, टायर थंड असतां मोजावी. मोजण्याचें लहानसें यंत्र स्वतःजवळ ठेवावें.

हिमालयांत जाणाऱ्यानें येथें एक गंमत लक्षांत घ्यावी. समुद्रकांठीं वातावरणाचा दाब चौरस इंचास १४.७ पौंड असतो. लेह सुमारें ३,५०० मीटर उंचीवर आहे, तेथें तो साडेनऊ पौंडांच्या आसपास उतरतो. बाहेरचा दाब घटल्यामुळें, मुंबईस भरलेली तीच हवा तेथें यंत्रावर पांचएक पौंड अधिक दिसते. उलट थंडीनें हवेचा दाब कमी होतो. २७ अंशांवर भरलेली ३२ पौंड हवा शून्य अंशावर चार पौंडांहून थोडी अधिक उतरते. म्हणजे कडाक्याच्या पहांटे दोन्ही परिणाम एकमेकांस जवळजवळ फेडतात, आणि दुपारीं ऊन तापलें कीं फेडीनासे होतात. म्हणून अंदाजानें हवा सोडूं अथवा भरूं नये. रोज सकाळीं मोजावी.

वेग आणि चालविण्याची रीत यांचाहि हिशेब टायर ठेवतो. राजस्थान-हरियाणांतील सरळ सडकांवर दिवसचे दिवस भरधांव गेल्यानें मागचा टायर मधोमध सपाट पडतो; मग घाटांत गाडी वळणावर झुकण्यास कांकूं करूं लागते. अवचित ब्रेक दाबणें आणि हिसका देऊन निघणें या दोन संवयी सोडल्या तरी टायर पुष्कळ अधिक चालतो.

खरेदीच्या वेळीं टायराची भिंत वाचावी. '१४०/८० आर १७' असें लिहिलेलें असेल तर रुंदी १४० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेंकडा ८०, 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि चाक १७ इंची. पुढचा आंकडा भाराचा असतो. ५४ म्हणजे २१२ किलो, ६९ म्हणजे ३२५ किलो. पुस्तिकेंत सांगितल्याहून हा आंकडा कमी असतां कामा नये. सर्वांत महत्त्वाचा आंकडा चार अंकी, लंबगोलांत कोरलेला असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही टायराची जन्मतारीख होय. रबर न वापरतांहि वयोमानानें कडक होतें व भेगाळतें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला एका दुकानांत 'नवा कोरा' म्हणून दिलेल्या टायरावर चार वर्षांपूर्वींची तारीख निघाली. त्यानें तो तेथल्या तेथें परत केला. आपणहि पैसे देण्यापूर्वीं ती तारीख पाहावी.

टायर केव्हां टाकावा, हें सांगण्याची सोयहि त्यावरच असते. चरांच्या तळाशीं लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली कीं टायराचें काम संपलें. दूरच्या प्रवासाला निघतांना मात्र तेथवर थांबूं नये. शिल्लक नक्षीवर जाऊन-येऊन पांच हजार किलोमीटर निभतील कीं नाहीं याची शंका असेल, तर घरींच बदलावा; वाटेंतल्या गांवीं आपलें माप मिळेलच असें नाहीं. नवा टायर निघण्याच्या आदल्या दिवशीं बसवूं नये. त्याच्या पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशें किलोमीटर तो जपून चालवावा, म्हणून आठवडाभर आधीं बसवावा. चाक ट्यूबचें आहे कीं बिनट्यूबचें हेंहि पाहावें. बिनट्यूबच्या टायराचें पंक्चर बाहेरूनच वात घालून बुजवितां येतें, ट्यूबच्या टायराला चाक उतरावें लागतें. निघण्यापूर्वीं हें काम प्रवाशानें एकदां स्वतः करून पाहिलेलें असावें.

तेव्हां घरांतील कोणी अशा प्रवासाचा बेत सांगूं लागला, तर वडील माणसांनीं चार प्रश्न विचारावे: वाट कोणती, टायराची जन्मतारीख काय, ओल्या रस्त्यावर त्याची पकड कशी, आणि हवा मोजण्याचें यंत्र बरोबर घेतलें कीं नाहीं? यांचीं उत्तरें समाधानकारक मिळाल्यावर, तो किती हजार किलोमीटर चालेल हा पांचवा प्रश्न खुशाल विचारावा.