तांब्याचा कळस काळा का पडतो?



शिखरावर चढलेला तांब्याचा नवा कळस आज डोळे दिपवतो आहे. काही पावसाळे गेले की तो तपकिरी होईल, पुढे काळपट दिसेल. तेव्हा पारावर कोणीतरी म्हणणारच, "धातू हलका निघाला!" ज्याने श्रद्धेने कळस दिला त्याच्या नावाला अशा बोलण्याने विनाकारण बट्टा लागतो. म्हणून तांब्याचा स्वभाव आधीच ठाऊक असलेला बरा.

हवेतील प्राणवायूशी तांब्याचा संयोग मुख्यतः दोन प्रकारे होतो. एक क्युप्रस ऑक्साइड. त्यात तांब्याचे २ अणू व प्राणवायूचा १, म्हणून त्याचे सूत्र सीयू२ओ. याचा रंग तांबडा. वजनाच्या शंभर भागांत सुमारे ८९ भाग तांबेच असते. दुसरा क्युप्रिक ऑक्साइड, सूत्र सीयूओ, म्हणजे अणूस अणू. हा काळा, यात तांबे सुमारे ८० भाग. दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, आंबटात मात्र विरघळतात. सारी गोम इथेच आहे.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. ठोकून ठोकून तांबे कडक झाले की तांबट ते भट्टीत तापवून मऊ करतो. त्या वेळी वर काळी खपली धरते व तिच्याखाली तांबडा थर असतो. हवेच्या बाजूला काळा, धातूच्या बाजूला तांबडा. भट्टीत जे घटकाभरात होते त्याला कळसावर वर्षे लागतात. हवेतील गंधकही काळेपणात भर घालते. अस्सल तांब्याचीच ही खूण आहे, भेसळीची नव्हे.

बरीच वर्षे गेली की हिरवी झाक येते. ती ऑक्साइडची नव्हे. पाऊस व हवेमुळे बनलेल्या तांब्याच्या कार्बोनेट, सल्फेट यांसारख्या क्षारांची. समुद्रकाठी त्यात क्लोराइडही असते. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांबूस होता, वीसेक वर्षांत हिरवा झाला. त्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा, तरी टिकला, कारण तो हिरवा थरच आतल्या धातूला सांभाळतो. १९८६ साली त्याचाही जीर्णोद्धार पुरा झाला. तो हिरवा रंग कोणी खरवडला नाही. बिघडला होता आतला लोखंडी सांगाडा. तांब्याला चिकटलेले लोखंड ओलाव्यात लवकर गंजते. कळस बसवताना लोखंडी खिळा वापरू नये तो यासाठीच.

दर उत्सवाला शिडी लावून कळस चिंचेने घासण्याचा उत्साह आवरावा. चिंचेचे आम्ल वरचा थर विरघळवते, उघडे पडलेले तांबे पुन्हा नवा थर धरते, आणि प्रत्येक वेळी थोडा धातू जातो. पूजेची भांडी घासावीत, ती हाताखालची आहेत.

त्या भांड्यांची गोष्ट मात्र निराळी. साध्या पाण्याला तांब्या उत्तम. पंचामृतात दही असते, ते आंबट. ताक, लिंबूही तसेच. असे पदार्थ उघड्या तांब्यात राहिले तर तांबे त्यांत उतरते व प्रसाद घेणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. लहान मुलांना तर लवकरच. पंचामृताच्या भांड्याला आतून कल्हई असावी, आणि ती कुठे उडाली आहे का हे उत्सवाच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी पाहावे, म्हणजे कल्हईवाल्याला गाठायला वेळ मिळतो.